वसुधाताई माणूस असल्याचा पुरावा

वसुधा सबनीस ही बाई माणूस नसून यंत्र आहे, असा निकाल एका मंगळवारी दुपारी लागला. त्या वेळी ती प्रयोगशाळेत ओट्समधला ओलावा मोजत होती.

निकाल कोर्टाचा नव्हता, 'हेरन नेस्ट' नावाच्या फोरमचा होता. अमेरिकेतल्या डब्लिन गावापासून पंचवीस मिनिटांवर हेरन्स नावाची बेसबॉलची टीम खेळते. हेरन म्हणजे बगळा, म्हणून वसुधा मनातल्या मनात त्यांना बगळेच म्हणायची. ही टीव्हीवर दिसणारी मोठ्या लीगमधली टीम नव्हे; मोठ्या लीगला खेळाडू पुरवणारी धाकटी टीम. इथे जो चांगला खेळतो त्याला वर बोलावतात, जो वाईट खेळतो त्याला घरी पाठवतात, आणि मधले जे उरतात त्यांच्यावर गावाने जीव लावायचा असतो. वसुधाने तो सहा वर्षं लावला होता. प्रत्येक सामन्यानंतर ती फोरमवर आपलं मत लिहायची. डावखुऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, उगाच सहाव्या इनिंगपर्यंत ठेवलं. सेकंड बेसवरचा मुलगा डावीकडे जाताना अर्धं पाऊल उशिरा निघतो. अशी मतं. मतापुढे आकडा, आणि आकड्यापुढे तो किती इकडेतिकडे होऊ शकतो तेही, कारण तेवढं न सांगता आकडा देणं हा तिच्या लेखी एक प्रकारचा खोटेपणा होता.

नडलं ते हेच. 'बॅकस्टॉप बिल' नावाच्या एका सभासदाने तक्रार केली की, V_Sabnis हे खातं कुणीतरी चालवलेलं यंत्र आहे. पुरावे तीन. एक, या खात्याच्या मजकुरात सहा वर्षांत स्पेलिंगची एकही चूक सापडत नाही. दोन, सामना संपल्यावर बरोबर चाळीस मिनिटांनी मजकूर येतो. (स्टेडियमपासून घरी यायला पंचवीस, हातपाय धुवून चहा करायला पंधरा. यात यांत्रिक ते काय?) तीन, आणि हा पुरावा फोरमवरच्या सगळ्यांना पटला : सहा वर्षं बगळ्यांचे सामने बघून ज्याने एकदाही शिवी दिली नाही, तो माणूस असूच शकत नाही.

वसुधाने हा मुद्दा तटस्थपणे तपासला. त्यात तथ्य होतं. तिने लगेच खुलासा लिहिला : 'मी माणूस आहे. या आरोपामुळे मला अतिशय राग आला आहे.' शेवटी पूर्णविराम दिला. त्याखाली चार मिनिटांत एकतीस जणांनी हसणारे चेहरे टाकले आणि बिलने लिहिलं, 'बघा. मी म्हटलं नव्हतं?'

फोरमचा कारभार 'ओल्ड लेफ्टी' नावाचा एक गृहस्थ बघायचा. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पण तो कुठल्यातरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेला असणार, याबद्दल वसुधाला शंका नव्हती. इतके नियम दुसरं कोण करणार? त्याने तिचं खातं गोठवलं आणि नियम पाठवले. चौदा दिवसांच्या आत एक फोटो द्यायचा. फोटो स्टेडियममध्ये, सामना चालू असताना काढलेला हवा. मागे स्कोअरबोर्ड दिसला पाहिजे. हातात खात्याचं नाव लिहिलेला कागद हवा. सेल्फी चालणार नाही. आणि फोटो काढणारी व्यक्ती अर्जदाराला किमान एक वर्ष ओळखणारी असावी. तिने स्वतःच्या नावानिशी तसं दोन ओळींत लिहून द्यावं. चौदा दिवसांत हे न झाल्यास खातं आणि त्यावरची सर्व मतं कायमची पुसली जातील.

सर्व मतं म्हणजे चारशे अकरा.

वसुधाला क्षणभर आपण पुन्हा पुण्यात आहोत आणि झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागत फिरतो आहोत, असं वाटलं. पण तिथे निदान अधिकारी कुठे बसतो हे माहीत असायचं. इथे तिने कागद घेतला आणि दोन रकाने आखले : 'मला एक वर्षाहून जास्त ओळखतात' आणि 'मी बेसबॉल बघते हे त्यांना माहीत आहे'. पहिल्या रकान्यात तेवीस नावं झाली. दुसऱ्यात दोन. एक नवरा, दुसरी मुलगी.

नवरा, राजीव, दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलल्यापासून टेक्ससमधल्या अर्विंगला राहत होता आणि दर तिसऱ्या शनिवारी येत होता. तिने फोन लावून सगळं सांगितलं.

"हं," राजीव म्हणाला.

राजीवचे 'हं' तीन प्रकारचे होते. ऐकतोय, ऐकत नाहीये पण चालू दे, आणि समोर लॅपटॉप उघडा आहे. हा तिसरा होता.

"या शनिवारी येतोस का?"

"या शनिवारी रिलीज आहे. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी येतोय ना."

"तो अठरावा दिवस होतो. मुदत चौदाची आहे."

"हं. मग दुसरं अकाउंट उघड ना! फ्री असतं."

मुलगी केया बोस्टनला होती. सहा वर्षांपूर्वी तीच आईला हेरन्सच्या पहिल्या सामन्याला घेऊन गेली होती, तीच आकडे मांडायला शिकली होती, आणि कॉलेजला गेल्यावर तीच ते सगळं विसरून गेली होती. "आई, दॅट इज हिलेरियस," ती म्हणाली. मग बराच वेळ हसली. मग म्हणाली, "वेट, तू अजून जातेस? बाय युअरसेल्फ?"

"सीट चांगली आहे," वसुधा म्हणाली.

खरं तर घाई खात्याची नव्हती, घाई टकर बीलरची होती. बीलर हा बगळ्यांचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, फक्त बसलेला. वय एकतीस. बॅटिंग अशी की तो मैदानात उतरला की लोक हॉट डॉग आणायला उठत. पण वसुधाने एकसष्ट सामने मोजले होते आणि तिचं मत पक्कं होतं : बीलर मागे बसला की पिचर कमी चुकतात. तो काही वेगळं करत नाही. पिचर बिघडायला लागला की उठून त्याच्यापर्यंत चालत जातो, दोन शब्द बोलतो, परत येतो. एवढंच. आणि हा माणूस टीम काढून टाकणार होती. त्याच्या जागी बावीस वर्षांचा डॅनफोर्थ नावाचा दांडगा मुलगा आणला होता, जो चेंडू पार्किंगपर्यंत मारायचा आणि पिचरकडे एकदाही चालत जायचा नाही. फोरमवर सगळा गाव डॅनफोर्थच्या बाजूने. बीलरच्या बाजूने लिहिणारं एकच खातं होतं, आणि ते गोठलेलं होतं.

तेव्हा वसुधाने आयुष्यात सहसा न केलेली गोष्ट केली. ती शेजारी मदत मागायला गेली.

शेजारी वीणा आणि गुरुनाथ राहत. गुरुनाथ मराठी मंडळाचा अध्यक्ष होता आणि वीणा मंडळ चालवायची. नागपूरहून गुरुनाथचे वडील, अरुणकाका, सहा महिन्यांसाठी आले होते. ते घरामागच्या लाकडी डेकवर खुर्ची टाकून लॉनकडे बघत बसले होते. डब्लिनमध्ये आलेल्या वडीलधाऱ्यांना लॉनकडे बघण्याचं काम आपोआप मिळतं.

"वीणा, एक छोटंसं काम होतं," वसुधा म्हणाली. "एखाद्या संध्याकाळी माझ्याबरोबर मॅचला येशील? एक फोटो काढायचाय. पंधरा मिनिटांत परत ये हवं तर."

"बेसबॉल? अय्या, वसुधाताई, तुम्ही?" वीणाने हातातला झारा खाली ठेवला. "आणि एकटीच कशाला येऊ? आपण ग्रुप करू ना!"

"ग्रुप नको गं. एकच माणूस हवंय."

"अहो, एका माणसाला कसली मजा? गुरू, अरे ऐकलंस का? या वर्षीची समर ट्रिप! दर वर्षी तेच तेच पार्कातलं पॉटलक. लोक कंटाळलेत."

गुरुनाथ बाहेर आला. "बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेटच, फक्त घाईतलं," तो म्हणाला. "किती लोक लागतात ग्रुपला?"

वसुधाला हे माहीत होतं, आणि तिने प्रामाणिकपणे सांगितलं, हीच तिची चूक. चाळीस लोक झाले की मंडळाचं नाव स्कोअरबोर्डवर येतं, आणि मंडळाच्या एका माणसाला सामन्याआधी पहिला चेंडू टाकायला मिळतो.

"पहिला चेंडू?" गुरुनाथ म्हणाला. त्याने नकळत उजवा खांदा फिरवला. तो नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये मीडियम पेस टाकत असे. ही गोष्ट त्याच्या घरात ज्याला माहीत नाही असा माणूस नव्हता, आणि यानंतर मंडळात राहणार नव्हता.

त्या दिवशीच व्हॉट्सअॅपवर मतदान सुरू झालं. शनिवार की रविवार? शनिवार एकोणीस, रविवार बावीस, 'बघू' अकरा. मग कुणीतरी विचारलं, सामना किती वाजता संपतो? वसुधाने लिहिलं की, बेसबॉलला वेळेची मर्यादा नसते. त्यावर एवढा गोंधळ उडाला की मतदान पुन्हा घ्यावं लागलं. कुणी विचारलं, जैन जेवण मिळेल का? कुणी विचारलं, गाडी सावलीत लावता येईल का? मुलीच्या भरतनाट्यमचा क्लास बुडेल म्हणून एका आईने सामना पाऊण तास पुढे ढकलता येईल का ते वसुधाताईंना टीमकडे विचारायला सांगितलं. वसुधाताईंनी विचारलं नाही, पण विचारलं असं सांगितलं. आयुष्यातला हा तिचा पहिला बनावट निष्कर्ष होता. शेवटी शनिवार ठरला, दुपारचा, मुदतीच्या तीन दिवस आधीचा. माणसं त्रेचाळीस.

स्टेडियमच्या ग्रुप विभागातल्या बाईने ईमेल करून 'ग्रुप लीडर'चं नाव मागितलं. वीणाने विचारून घेण्यात वेळ न घालवता वसुधाचं दिलं. "तुम्हालाच तिथलं सगळं माहितीये, ताई. आम्ही आपले प्रेक्षक."

फोटोचं काय, हे वसुधाने तीनदा आठवण करून दिलं. "अहो, एक काय, शंभर काढू," वीणा म्हणाली.

शुक्रवारी बातमी फुटली. बीलरला सोमवारी सोडणार होते. शनिवारचा सामना त्याचा शेवटचा. वसुधाने 'V_Sabnis' असं लिहिलेला कागद पारदर्शक पिशवीत घातला, म्हणजे पाऊस आला तरी शाई पसरू नये, आणि शनिवारी सामन्याच्या दीड तास आधी ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. सहा वर्षांत ती कधी कुणाची वाट बघत या फाटकाशी उभी राहिली नव्हती. वाट बघताना आपल्याला बरं वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं. तिने ते नोंदवून ठेवलं.

बरं वाटणं पहिली गाडी येईपर्यंत टिकलं. गाडीतून वीणा उतरली आणि तिच्यामागून अॅल्युमिनियमचे चार ट्रे उतरले. एकशे तीस बटाटेवडे.

"वीणा, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. मी ग्रुपवर लिहिलं होतं."

"ते मेन्यूतलं खाणं, ताई. हे घरचं आहे."

फाटकावरच्या रखवालदाराला हा भेद समजला नाही. फक्त तान्ह्या मुलांचं किंवा औषधाचं खाणं चालतं, तो म्हणाला. वीणाने मागे वळून बघितलं. ग्रुपमध्ये तान्हं कुणी नव्हतं. मग ती अरुणकाकांकडे बोट दाखवून म्हणाली, यांना डायबेटिस आहे. "एकशे तीस?" रखवालदार म्हणाला. त्याने शांतपणे विचारलं, ग्रुप लीडर कोण?

ग्रुप लीडरने तोडगा काढला. वडे पार्किंगमध्ये उभ्याने खायचे आणि मग आत जायचं. बेचाळीस माणसं गाड्यांच्या टपांवर चटणीच्या वाट्या ठेवून खायला लागली. हेरन्सची टोपी घातलेलं एक वयस्कर जोडपं जाताना थांबलं; वीणाने त्यांना चार वडे दिले, त्यांनी आणखी दोन मागितले. त्यात राष्ट्रगीत झालं. वसुधाने ते कुंपणाबाहेरून ऐकलं.

गुरुनाथ मात्र वेळेवर आत गेला होता, कारण पहिला चेंडू त्याचा होता. हा प्रकार साधा असतो. माणसाने मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं, चेंडू हलकेच समोरच्याकडे फेकायचा, हात हलवायचा, घरी जायचं. समोर चेंडू झेलायला बगळ्याचा पोशाख घातलेला एक माणूस उभा असतो. गुरुनाथने उंचवट्यापासून मागे पावलं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, असं करत तो पार सेकंड बेसच्या पलीकडे गेला, वळला, आणि धावत आला. आठ हजार माणसांनी श्वास रोखला. गुरुनाथने उडी घेतली, हात कानाला लावून फिरवला आणि चेंडू जमिनीवर आपटून टाकला. तो नेमका यॉर्कर पडला. बगळ्याच्या पायाच्या अंगठ्यावर.

"हाऊज दॅट?" गुरुनाथ ओरडला आणि त्याने वळून पंचाकडे बघितलं.

बगळा एका पायावर उभा राहिला. प्रेक्षकांना तो विनोद वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बगळा खाली बसला आणि लाऊडस्पीकरवर आवाज आला, "मराठी मंडळाच्या ग्रुप लीडर व्ही. सबनीस यांनी कृपया अतिथी कक्षात यावं."

अतिथी कक्षात अपघाताचा चार पानी फॉर्म होता. घटना, वेळ, वापरलेली वस्तू, हेतू. हेतूच्या रकान्याशी वसुधा अडली. चूक माहिती लिहिणं तिला जमणारं नव्हतं आणि बरोबर माहिती अशी होती की, गुरुनाथला बगळा आउट करायचा होता. तिने विचार करून 'सांस्कृतिक' असं लिहिलं. बगळा शेजारच्या खुर्चीवर डोकं काढून, अंगठा बर्फात घालून बसला होता. आत कॉलेजातली एक किरकोळ मुलगी होती. "इट्स ओके, मॅम," ती म्हणाली. "दॅट वॉज अ ग्रेट पिच, टू बी ऑनेस्ट." वसुधाला एकाएकी तिच्याजवळ बसून राहावंसं वाटलं. पण फॉर्मची तिसरी प्रत दुसऱ्या खिडकीवर द्यायची होती.

ती आपल्या जागी पोचली तेव्हा चौथी इनिंग चालू होती. तिच्या नेहमीच्या सीटवर कुणाच्या तरी पर्स होत्या. एका टोकाला अरुणकाका एकटेच बसले होते, कारण बाकीचे एकमेकांच्या शेजारी बसण्यासाठी सरकत सरकत लांब गेले होते.

"या, बसा," काका म्हणाले. "तो खाली बसून राहिला न, जाळीवाला, तो कोण?"

"बीलर," वसुधा म्हणाली. "तो कॅचर. काका, त्याच्याकडे लक्ष ठेवा, आज त्याचा..." एवढ्यात तिचा फोन वाजला. कुणीतरी गाडी अपंगांसाठी राखलेल्या जागेत लावली होती आणि ती उचलून नेत होते. ग्रुप लीडर उठली.

सातव्या इनिंगला वीणा तिला शोधत आली. "चला ताई, फोटो! सगळे थांबलेत."

अखेर! वसुधाने पिशवीतून कागद काढला. स्टेडियमवाल्यांनी ग्रुप फोटोची जागा ठरवून दिली होती, स्कोअरबोर्डच्या मागच्या अंगाला, बगळ्याच्या पुतळ्याखाली. मैदान तिथून दिसत नव्हतं. ओल्ड लेफ्टीच्या नियमात स्कोअरबोर्ड दिसला पाहिजे असं होतं. पुढून की मागून ते लिहिलेलं नव्हतं. वसुधाने हा मुद्दा मनात तयार ठेवला. मंडळी तीन ओळींत उभी राहिली. उंच मागे, मुलं पुढे. वसुधा कागद छातीशी धरून दुसऱ्या ओळीत शिरणार, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पण फोटो काढणार कोण?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. दिवसभर जे काम कुणी करायचं असतं ते वसुधाताई करत होत्या, इतकंच.

"ताई, माझ्यावर पण एक हं."

"माझ्या फोनवर आडवा घ्या."

"माझ्यात पोर्ट्रेट मोड आहे, तो नको."

सतरा फोन झाले. वसुधाने कागद काखेत धरला आणि एकेक काढत गेली. प्रत्येक वेळी सगळे ओरडले, "चीऽऽज." अकराव्या फोनला स्कोअरबोर्डच्या पलीकडून एकदम गलका उठला, आणि मग तो नेहमीसारखा विरला नाही, हळूहळू चमत्कारिक शांत झाला. काहीतरी झालं होतं. "ताई, हलला हो," कुणीतरी म्हणालं. तिने तो पुन्हा काढला.

सतरावा फोन परत दिल्यावर ती म्हणाली, "आता माझा एक..."

"अग बाई, साडेतीन!" कुणीतरी म्हणालं. "देसी स्टोअरला आज ताजी मेथी येते, चारपर्यंत संपते." ओळी विस्कटल्या. वीणा तेवढ्यात मुलांना घेऊन बाथरूमच्या रांगेत लागली होती. वसुधाला हाक मारता आली असती. पण हाक मारून काय म्हणायचं? मीपण इथे आहे, हे सत्तावन्नाव्या वर्षी ओरडून सांगायचं असतं का? तिने कागद घडी न घालता पिशवीत ठेवला. ती परत जागेवर आली तेव्हा बीलर मैदानात नव्हता. कॅचरच्या जागी डॅनफोर्थ बसला होता.

घरी येऊन तिने अर्ज भरला. सतरांतला सर्वांत स्पष्ट फोटो जोडला आणि खाली लिहिलं : 'या छायाचित्रात एकेचाळीस व्यक्ती आहेत. त्यांतली एकही मी नाही. छायाचित्र मी काढले. एक गृहस्थ गुडघेदुखीमुळे आसनावर बसून होते. अशी बेरीज त्रेचाळीस होते. कागद माझ्या काखेत होता. त्यामुळे हा पुरावा नियम क्रमांक एक, दोन, तीन आणि पाचनुसार अपुरा आहे, याची मला कल्पना आहे.' मग तिने चारशे अकरा मतं वाचायला घेतली. फार वाईट नव्हती. काही ठिकाणी नमुना लहान होता.

रविवारी सकाळी उत्तर आलं. ओल्ड लेफ्टीने लिहिलं होतं : 'मॅडम, मी दोन वर्षांत नऊ यंत्रं पकडली. प्रत्येकाने उत्तम फोटो पाठवला. आपण स्वतः नसलेला फोटो पुरावा म्हणून पाठवायला आणि तो अपुरा कसा हे समजावून सांगायला माणूसच लागतो. खातं चालू केलं आहे. चुकीबद्दल क्षमस्व.'

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. 'तुम्ही काल तिथे होतात. आम्ही बहुतेक जण घरून बघतो. सातव्या इनिंगला बीलरला मध्येच बाहेर काढलं तेव्हा नेटवरच्या प्रक्षेपणात जाहिराती लागल्या. तो जाताना कसा गेला? तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.' आणि त्याखाली चक्क बॅकस्टॉप बिल : 'मलाही ऐकायचंय.'

वसुधा स्क्रीनकडे बघत राहिली. सहा वर्षांत तिला या फोरमवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. आता विचारला तर नेमकं तेवढंच तिने बघितलं नव्हतं.

तिने बराच विचार केला आणि मग चपला घालून ती शेजारी गेली. अरुणकाका डेकवर होते. समोर परातीत मेथी होती, ती ते निवडत होते.

"काका, काल सातव्या इनिंगला तो जाळीवाला गेला ना? कसा गेला?"

काकांनी मेथीची काडी खाली ठेवली. "कोणी विचारलं नाही मला," ते म्हणाले. "मी घरी येऊन गुरूला सांगत होतो, तर तो आपला त्याच्या बॉलचा व्हिडिओ बघून राहिला." त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "असं झालं पहा. साहेब बाहेर आला, त्याला हात केला. हा उठला. लोक ओरडले, त्यांना वाटलं दुखापत झाली. मग कळलं की काढलं, तर गप्प बसले. तो नवा पोरगा आला न आतून, याने त्याला खाली बसवलं, बोटांनी काहीतरी दाखवलं, दोन-तीनदा दाखवलं. आणि मग ती पांढरी पाटी असते न जमिनीत?"

"होम प्लेट."

"ती. त्याच्यावर माती आली होती. ती याने हाताने पुसली. स्वच्छ पुसली, घरातलं देवाचं ताम्हण पुसावं तशी. मग गेला. मागे पाहिलं नाही. टाळ्या नाही वाजवल्या हो कोणी. मी वाजवल्या. एकटाच होतो, आवाज झाला नाही फारसा."

वसुधाने फोन काढला आणि फोरमवर लिहिलं : 'हे मी पाहिलेलं नाही. अरुण या नावाच्या गृहस्थांनी पाहिलं. ते भरवशाचे आहेत.' आणि खाली काकांनी सांगितलं तसं सगळं, जसंच्या तसं. चुकीची शक्यता तिने लिहिली नाही.

"पण एक सांगू?" काका म्हणाले. "काढलं ते बरोबरच केलं. तो नवा पोरगा जास्त चांगला आहे."

वसुधाचा हात फोनवरच थांबला. "नाही, काका. तुम्ही एकच सामना बघितलाय. मी एकसष्ट..."

"अहो, एकात दिसते न! त्याच्या मनगटात ताकद आहे."

"कॅचरचं काम मनगटाचं नसतं. पिचर बिघडला की..."

"बिघडणारा पिचर ठेवावाच कशाला?"

वसुधा समोरची खुर्ची ओढून बसली. वीणा दार उघडून "ताई, चहा?" असं विचारून गेली, तिला कुणी उत्तर दिलं नाही. काकांचं म्हणणं साफ चुकीचं होतं आणि ते तसं का आहे, हे सांगायला वसुधाला एक तास दहा मिनिटं लागली. याहून कमी लागली असती, पण काका तिचं वाक्य एकदाही पुरं होऊ देत नव्हते.